काकूच्या वाटणीचा अर्धा पासवर्ड

आमच्या काकांना हॉस्पिटलात सगळे 'डबललॉक' म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. एकतीस वर्षं त्यांनी तिथल्या औषधांच्या स्टोअरमध्ये काढली. कापूस, सलाइन, हातमोज्यांची खोकी, हे सगळं त्यांच्याच ताब्यात होतं, पण त्यांचं खरं राज्य होतं कोपऱ्यातल्या हिरव्या लोखंडी कपाटावर. त्यात मॉर्फिनसारखी कडक औषधं असत. कपाटाच्या दारात एकाखाली एक अशी दोन कुलपं बसवलेली होती. वरच्याची किल्ली काकांकडे, खालच्याची मेट्रनबाईंकडे. एकट्या माणसाला ते कपाट कधीच उघडता येऊ नये, असा नियम होता.

त्या कपाटाची एक गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा तरी ऐकली असेल. एका भर दुपारी मचाणावरून पडलेल्या गवंड्याला आणलं होतं. दोन्ही पाय मोडलेले, वेदनेनं गुरासारखा ओरडत होता. डॉक्टरांनी मॉर्फिन मागवलं. काकांनी आपलं वरचं कुलूप उघडलं आणि कपाटासमोर उभे राहिले, कारण मेट्रनबाई जेवायला घरी गेल्या होत्या आणि खालची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. डॉक्टर म्हणाले, कपाट फोडा. काका म्हणाले, लेखी द्या. गवंड्याची बायको हात जोडून उभी राहिली. काका हलले नाहीत. चाळीस मिनिटांनी मेट्रनबाई धापा टाकत आल्या. इथे काका खुर्चीतून उठून अभिनय करून दाखवत. बाईंचा हात असा थरथरत होता म्हणे, की किल्ली आधी एका बाजूला फिरवली तर कपाटाची मूठ वळेना, मग दुसऱ्या बाजूला फिरवली तेव्हा कुठे दार उघडलं. ऐकणारे हसत. गवंडी वाचला, थोडा लंगडत घरी गेला. काकांना नियमपालनाबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं, ते अजून त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेत आहे.

मला ती गोष्ट कधीच आवडली नाही. चाळीस मिनिटं म्हणजे किती, हे मी मनात मोजून पाहायची आणि मला त्या बायकोचे जोडलेले हातच दिसायचे. पण काकांना असं काही बोलायची सोय नव्हती.

काका निवृत्त झाले, नियम काही निवृत्त झाला नाही. साखरेच्या डब्याला तेवढं दुसरं झाकण बसवायचं राहिलंय, असं काकू म्हणायची. ती असं काही म्हणाली की काका गंभीरपणे विचारात पडायचे, आणि त्यामुळे ती जास्तच हसायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या ताईनं, परदेशातून पैसे पाठवून त्यांचं घर 'स्मार्ट' करून दिलं. काकूचे गुडघे गेले होते, बेल वाजली की उठून दारापर्यंत जाईतो माणूस निघून जायचा. आता दाराचं कुलूप फोनवरून उघडायला लागलं, दारावर कॅमेरा आला, स्वयंपाकघरात धुराचा भोंगा आला, आणि बैठकीच्या भिंतीवर एक काळी काच लागली. तिच्यावर घरातलं सगळं दिसायचं. काकू तिला पाटी म्हणायची.

पासवर्ड ठरवायच्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी जाहीर केलं की पासवर्डचे दोन भाग होतील. पहिला अर्धा त्यांचा, दुसरा काकूचा, आणि एकानं दुसऱ्याला सांगायचा नाही. मी म्हटलं, काका, हे नवरा-बायकोचं घर आहे, मॉर्फिनचं कपाट नाही. ते म्हणाले, सवय ही सवय असते. त्यांनी हाताचा आडोसा करून आपली आठ अक्षरं टाइप केली आणि खरोखर पाठ फिरवून कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. काकूनं ओला हात पुसला, पाटीवर बोट टेकवलं आणि झालं म्हणाली. पाटीनं खात्रीसाठी पासवर्ड पुन्हा मागितला. पुन्हा तीच कवायत. मग काकांच्या फोनवर आत शिरतानाही तीच. काकूचं काम इतकं चटकन उरकलं की तिचा अर्धा बहुधा दोनच अक्षरांचा असावा, असं मला वाटून गेलं.

तेवढ्यावर काका थांबले नाहीत. ताईच्या फोनवरून घर दिसायचं, ते त्यांनी बंद करायला लावलं. तिसरी किल्ली म्हणजे नियमाला भोक, असं तिला ऐकवलं. कुलपाबरोबर अडीअडचणीसाठी एक साधी लोखंडी किल्ली आली होती. ती त्यांनी पाकिटात घालून चिकटवली, वर दोघांच्या सह्या केल्या आणि कपाटात ठेवली. मी विचारलं, घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरच्याला तिचा काय उपयोग? ते म्हणाले, घराइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती? काकांशी बोलताना आपलंच डोकं ठिकाणावर नाही असं वाटायला लागतं, हा माझा जुना अनुभव आहे.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, कारण काका कधी काकूला सोडून लांब गेलेच नाहीत. या वेळी गेले. मी राहते त्या शहरात नव्या स्टोअरकीपरांना शिकवायचं एक केंद्र आहे, तिथे त्यांना दोन कुलपांच्या नियमावर बोलायला बोलावलं होतं. काका आदल्या दिवशी माझ्याकडे उतरले. ताईनं फोनवरून त्यांना सूचना दिल्या होत्या आणि त्यांनी त्या स्टोअरच्या नोंदवहीतल्या अक्षरात कागदावर उतरवून घेतल्या होत्या. फुकटचं वायफाय वापरू नये. फोन कोणाच्या हाती देऊ नये. आलेला कोड कोणाला सांगू नये. शंका आली तर लॉग-आउट करावं.

सकाळी मी त्यांना केंद्रावर घेऊन गेले. कार्यक्रमाला वेळ होता. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि थंड पाण्याचं मशीन होतं. काकांनी फोन काढून घर पाहिलं. दार बंद, दिवे बंद, काकूनं दुधाची पिशवी आत घेतलेली. खूश झाले. मी पाणी आणायला उठले, परत आले तर काका घामाघूम. फोननं आपणहून केंद्राचं फुकटचं वायफाय पकडलं होतं आणि 'हे नेटवर्क सुरक्षित नाही' अशी सूचना पुढे धरली होती. काकांनी खिशातला कागद काढला, शेवटची ओळ वाचली आणि लॉग-आउट करून टाकलं.

"वाचलो," ते म्हणाले.

मी विचारलं, आता परत आत कसं जाणार? ते म्हणाले, पासवर्ड टाकून. मी विचारलं, सगळा? काकांच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या. मग म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं घरीच तर जायचंय, घाई काय आहे.

त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत टेलरबाईंचा फोन आला.

टेलरबाई काकांच्या समोरच्या घरात राहतात, दाराशीच मशीन मांडून ब्लाउज शिवतात. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पहिल्यांदा ऐकू आला तो भोंगा. त्याच्यावर ताण करून टेलरबाई सांगत होत्या. स्वयंपाकघरातून धूर येतोय. काकू आत पडलीय, उठता येत नाहीये. पातेलं गॅसवर जळतंय आणि तिचा हात बटणापर्यंत पोचत नाही. स्वयंपाकघराची एक छोटी खिडकी जिन्याकडे उघडते, तिला लोखंडी गज आहेत. त्या गजांतून टेलरबाईंना फक्त काकूचे पाय दिसत होते. खालच्या दुकानातला सुतार पहार घेऊन आला होता, पण दार पोलादी, कड्या तिन्ही बाजूंनी भिंतीत गेलेल्या. तो म्हणाला अर्धा तास तरी लागेल. आगीचा बंब बोलावलाय, कधी येईल देव जाणे.

"भाऊ, तुमच्या फोनवरून उघडतं ना दार? उघडा लवकर," टेलरबाई म्हणाल्या.

काका उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले. त्यांच्या हातातला फोन पासवर्ड मागत होता. त्यांनी आपला अर्धा टाकला आणि अंगठा हवेतच राहिला.

मी त्यांच्या हातून फोन ओढून घेतला. काकूचं जन्मसाल पुढे जोडलं आणि बटण दाबलं. चूक. ताईचं लाडाचं नाव टाकून पाहिलं. काकांना त्यांचा अर्धा पुन्हा टाइप करायला लावला तेव्हा, एवढ्या गडबडीतही, त्यांनी माझ्यापासून लपवून केला. मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. तेही चूक निघालं. फोननं लाल अक्षरांत सांगितलं, आता एकच संधी, त्यानंतर तासभर बंद. खाली 'पासवर्ड विसरलात?' असं होतं. ते दाबलं, तर नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे असं उत्तर आलं. नोंदवलेला नंबर काकूचा. म्हणजे कोड घराच्या आत, काकूच्या फोनवर, काकूचा फोन नेहमीसारखा पलंगावर आणि काकू स्वयंपाकघरात जमिनीवर. मी ताईला फोन लावला. तिला झोपेतून उठवून निम्मं सांगितलं, निम्मं तिला समजलं नाही, आणि समजलं तरी तिची किल्ली आम्हीच काढून घेतलेली. कुठून शिरायला जावं तर पुढे आमचीच भिंत. आम्ही एवढी राखण कोणापासून केली होती, हे मला काही केल्या आठवेना.

"काका," मी म्हटलं, "नुसता तुमचा अर्धा टाकून बघू या का?"

"अर्ध्यानं उघडलं तर ते कुलूप कसलं? आणि ही शेवटची संधी आहे पोरी, ती अशी उधळायची?"

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग मलाच सुचलं की काकू शुद्धीवर आहे, बोलतेय. तिलाच विचारायचं. मी माझ्या फोनवरून टेलरबाईंना फोन लावला आणि सांगितलं की तुमचा फोन गजांतून आत धरा. त्यांनी धरला. भोंग्याचा आवाज दुप्पट झाला. त्यातून काकूचा खोकला आला.

काकांनी माझा फोन दोन्ही हातांत धरला. नियम मोडायची वेळ आली होती, तेही सुतारासमोर, शेजारणीसमोर आणि पाण्याच्या मशीनजवळ जमलेल्या पाच-सहा नव्या स्टोअरकीपरांसमोर. त्यांचा आवाज फाटला.

"अगं, तुझा अर्धा सांग. मोठ्यानं सांग, ऐकलं कोणी तरी चालेल."

पलीकडून नुसता खोकला.

"ऐकतेस ना? तुझा अर्धा काय टाकला होतास?"

"काही नाही," काकू म्हणाली.

"अगं, आठव जरा."

"आठवायचं काय त्यात. मी काही टाकलाच नव्हता. तुमचं तुम्ही टाकलंत, मी नुसतं ठीक आहे दाबलं. मला काय लपवायचंय तुमच्यापासून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलेलं नव्हतं. डोक्याला मार लागला असेल, ते पुटपुटले, भ्रम झाला असेल, ती काहीतरी भलतंच बोलतेय. माझंही डोकं चालेना. संधी एकच होती आणि काकू म्हणत होती की दुसरा अर्धा नाहीच. असा कोणी पासवर्ड ठेवतं का? पण मला ते तिचं पुसलेलं बोट आठवलं. एकदाच टेकवलेलं.

"टाका," मी म्हटलं. "ती खरं सांगतेय."

काकांनी आपली आठ अक्षरं टाकली. एक अक्षर चुकलं, ते पुसून पुन्हा टाकलं. या वेळी त्यांनी हाताचा आडोसा केला नाही. सगळं टाकून झाल्यावर त्यांनी बटण दाबलंच नाही. फोन माझ्यापुढे धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या किल्लीला कोणीतरी लागतं, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक होतं. मी बटण दाबलं.

फोनवर त्यांचं घर आलं. दाराचं चित्र, त्यावर बंद कुलूप. मी ते दाबलं आणि दुसऱ्या फोनमधून सुताराचा आवाज आला, उघडलं, उघडलं. मग पावलं, खुर्ची सरकल्याचा आवाज, टेलरबाईंचं 'आधी गॅस, आधी गॅस'. भोंगा बराच वेळ वाजत राहिला. तो बंद कसा करतात हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. शेवटी सुतारानं तो छतावरून उपटून काढला असावा, कारण एकदम शांत झालं.

काकांचं भाषण झालं नाही. मी गाडी काढली आणि आम्ही थेट निघालो. वाटेत ताईचे चार फोन आले, ते मीच घेतले. काका मांडीवर फोन उलटा ठेवून बसले होते. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, की म्हणजे दोन वर्षं ते सगळं माझ्या एकट्याच्या किल्लीवर उघडत होतं? मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

काकूचं खुब्याचं हाड मोडलं होतं. काका ज्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं होते तिथेच तिला नेलं होतं. दोन दिवसांनी ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. धुराचा त्रास फारसा झाला नव्हता, घसा बसला होता एवढंच. काका तिच्या उशाशी स्टुलावर बसले. इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे ती गुंगीत होती, तरी त्यांच्याकडे बघून हसली.

"पातेलं गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे. पण तू तेव्हा सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्ही इतक्या भक्तिभावानं कॅलेंडरकडे तोंड करून उभे होतात, तुमचा हिरमोड कोण करणार? पुढे मी विसरूनही गेले."

काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. पुष्कळ वेळ तसाच ठेवला. तिचा डोळा लागल्यावर ते उठून बाहेर आले. मला वाटलं चहाला जायचंय. पण ते जिना उतरून तळमजल्याच्या टोकाला गेले, आणि मी मागोमाग. तिथे पूर्वी त्यांचं स्टोअर होतं. आता ती खोली एक्स-रेवाल्यांकडे आहे. हिरवं कपाट कधीच भंगारात गेलं. भिंतीवर ते जिथे टेकलेलं असायचं तिथे रंग जरा वेगळा राहिलाय, काकांनी तो मला बोटानं दाखवला.

त्यांनी हवेत किल्ली धरल्यासारखी मूठ केली आणि मनगट एकदा इकडे फिरवलं, एकदा तिकडे. तोच जुना अभिनय. मी हसायच्या बेतात होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले.

"मेट्रनबाई घाबरट नव्हती गं," ते म्हणाले. "मोठमोठ्या अपघातांत तिचा हात कधी थरथरला नाही. मग तिनं किल्ली दोनदा का फिरवली?"

मला काही कळेना. मी म्हटलं, तुम्हीच सांगायचात ना, हात थरथरत होता म्हणून.

"ते मी आपलं समजलो. खालचं कुलूप ती त्या दुपारी लावायलाच विसरली असेल तर? पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा ते बंद झालं असेल, म्हणून मूठ वळली नाही. दुसऱ्यांदा फिरवल्यावर उघडलं. म्हणजे माझं वरचं उघडून झालं तेव्हापासून ते कपाट उघडंच असेल."

मेट्रनबाई जाऊन दहा वर्षं झाली. विचारायला कोणी उरलेलं नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर लोक कागद घेऊन बसले होते, आत कुणाला तरी श्वास रोखून धरा असं सांगत होते. काकांची ती मूठ अजून तशीच हवेत होती. मी ती धरून खाली घेतली. म्हटलं, काका, तसं नसेलही.

"नसेलही," काका म्हणाले. "पण तो माणूस चाळीस मिनिटं ओरडत होता, आणि मी एकदाही कपाटाची मूठ फिरवून पाहिली नव्हती."